लुआरच्या खोऱ्यातले वाडे: मुक्काम कुठे करावा?

प्रश्न: आम्ही पतिपत्नी साठी ओलांडलेले असून सप्टेंबरमध्ये मुलीकडे पॅरिसला जाणार आहोत. लुआर नदीच्या खोऱ्यातील किल्ले पाहण्यास चार दिवस आहेत. तिकडे मोटार चालवण्याची आमची हिंमत नाही. पॅरिसहून रोज जाऊन-येऊन करावे, की तिथेच राहावे? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: तिथेच राहावे, आणि तेही एकाच गावी. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून जलदगती गाडी सव्वा तासाच्या आसपास तूर येथे पोहोचवते; मुक्काम तिथेच करावा. (होय, नाव आपल्या डाळीचेच.) काही गाड्या तूरच्या शेजारच्या सँ-प्येर-दे-कोर स्थानकावर थांबतात, तिथून पाच मिनिटांची जोडगाडी मिळते.

आपण ‘किल्ले’ म्हणता, पण मांडूची तटबंदी मनात धरून गेलात तर निराशा होईल. यांतील पुष्कळशा वास्तू पंधराव्या-सोळाव्या शतकात राजे व सरदारांनी शिकारीसाठी आणि सुखवस्तू राहणीसाठी बांधल्या किंवा नव्याने सजवल्या. बुरूज आहेत, पण बरेचसे शोभेचे; म्हणून त्यांना किल्ल्यापेक्षा आपल्या राजवाड्याच्या कुळातले मानणे अधिक योग्य.

पहिला दिवस निःसंकोच शनोंसोला द्यावा. तूरहून स्थानिक गाडी अर्ध्या तासात अगदी वाड्याच्या फाटकाजवळ सोडते. महेश्वरचा वाडा नर्मदेच्या काठावर उभा आहे; हा मात्र लुआरची उपनदी शेर हिच्या पात्रातच उभा आहे. दुसऱ्या हेन्री राजाची प्रेयसी दियान द प्वातिए हिने येथे नदीवर पूल बांधवला. 1559 मध्ये राजा वारल्यावर राणी कातरीन द मेदिची हिने तिच्याकडून वाडा काढून घेतला आणि त्याच पुलावर सुमारे 60 मीटर लांबीचे दालन चढवले. पहिल्या महायुद्धात त्या दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्समधील सीमारेषा शेर नदीवरूनच जात असल्याने दालनाचे एक टोक या बाजूस तर दुसरे त्या बाजूस होते. येथे घाई करू नये.

आंब्वाझचा वाडाही रेल्वेच्या वाटेवर आहे. 1516 मध्ये फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याच्या निमंत्रणावरून आलेला लिओनार्दो दा विंची 1519 मध्ये तेथील क्लो ल्युसे या घरात वारला. वाड्यापासून ते घर चालत जाण्याजोगे आहे.

शांबोर मात्र रेल्वेवर नाही. ब्लुआ स्थानकावर उतरून पुढचे सुमारे 16 किलोमीटर हंगामी बसने किंवा टॅक्सीने जावे लागते. बसच्या वेळा निघण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात, नाहीतर परतीला खोळंबा होतो. 1519 मध्ये काम सुरू झालेल्या या वाड्याच्या मध्यभागी दुहेरी चक्री जिना आहे: एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून पाहू शकतात, पण त्यांची गाठ पडत नाही. 282 शेकोट्या असूनही फ्रान्स्वा येथे फारच थोडे दिवस राहिला. गुडघ्यांचा त्रास असेल तर गच्चीपर्यंतची चढण सकाळीच उरकावी. गच्चीवरचे धुरांड्यांचे आणि मनोऱ्यांचे जंगल चुकवण्यासारखे नाही.

एका दिवसात तीन वाडे दाखवणाऱ्या सहली तूरहून निघतात. माझ्या मते त्या टाळाव्यात, कारण दुपारनंतर कोणता जिना कोणत्या वाड्यातला हेच आठवेनासे होते. चौथ्या दिवशी उत्साह उरला असेल तर ब्लुआचाच वाडा पाहावा; तो स्थानकापासून पायी गाठता येतो. उत्साह नसेल तर तूरमध्येच लुआरच्या काठी बसावे.