फ्रंट-एंड डेव्हलपर निवडताना

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

छत्रपती संभाजीनगरात सौर प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या तुमच्या कंपनीसाठी पहिला फ्रंट-एंड डेव्हलपर, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी स्क्रीन बनवणारा प्रोग्रामर, निवडायची जबाबदारी तुझ्यावर आली आहे आणि आलेल्या अर्जांतून कोणाला बोलवावे हे ठरत नाही, असे तू लिहिलेस. रिअ‍ॅक्ट हे स्क्रीन बनवायचे साधन येते असे बहुतेक अर्जांत असणारच. त्यावरून निवड होत नाही. स्क्रीनवरच्या आकड्याची जबाबदारी आपली आहे असे मानणारा माणूस तुला हवा आहे, आणि तो ओळखता येईल अशी एक परीक्षा मी सांगतो.

उमेदवाराला एका इन्व्हर्टरच्या (सौर पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) दिवसभराच्या निर्मितीच्या नोंदी दे. दर १५ मिनिटांना एक, म्हणजे ९६ नोंदी होतात. त्यातल्या दुपारी १२ ते २ दरम्यानच्या काढून टाक आणि आलेख काढायला सांग. कोणी तिथे शून्य धरेल, कोणी दोन्ही टोके सरळ रेषेने जोडून मोकळा होईल. या दोन तासांत निर्मितीच थांबली होती की फक्त माहिती पोहोचली नाही, असे जो आधी विचारेल आणि रेषा तिथे तोडून ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहील, त्याला पुढच्या फेरीला बोलाव.

मी हे एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण मी पूर्वी जिथे काम करीत होतो तिथे आमच्या स्क्रीनने अशाच रिकाम्या जागी शून्य दाखवले होते. आमचा तंत्रज्ञ एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलवर प्रकल्पावर पोहोचला, तर इन्व्हर्टर व्यवस्थित चालू होता. नोंदी पाठवणाऱ्या डेटा लॉगरमधल्या सिमला रेंज नव्हती, इतकेच. पुढे खरा बिघाड झाला तेव्हा त्याने स्क्रीनकडे दुर्लक्ष केले, आणि त्याला बोल लावायला आम्हाला तोंड उरले नव्हते.

पाच एचपीची मोटर पूर्ण भाराने चार तास चालली तर किती युनिट लागतील, हेही विचार. साधारण १५, मोटरमधला व्यय धरला तर थोडे अधिक; शेतकऱ्याच्या घरातला उमेदवार हे तोंडी सांगेल. किलोवॅट (वीज वापरण्याचा वेग) आणि किलोवॅट-तास (म्हणजेच युनिट) यांत गल्लत करणाऱ्याला मात्र आधी शिकवावे लागेल.

वेळेचा प्रश्न अधिक फसवा आहे. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे ५.३० ला सुरू होतो. तेव्हा सूर्य उगवलेला नसतो, म्हणून सौरनिर्मितीची रोजची बेरीज बरोबर येते आणि चूक झाकली जाते. पण रात्रीच्या लाईनवर चाललेल्या मोटरचा वापर मोजायला घेतला, की मध्यरात्रीनंतरचे युनिट आदल्या तारखेत जाऊन पडतात. हे कोणी न सांगता ओळखणारा उमेदवार मिळाला, तर पगारासाठी घासाघीस करू नकोस. नांदेड-लातूरकडची अशी मुले पुण्यात स्थिरावलेली असतात. योग्य पगार दिलास तर त्यातले काही जण परत येतील.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला प्रकल्पावर ने. भर दुपारी, तिथल्या ऑपरेटरच्या स्वस्त मोबाईलवर, स्वतःच केलेली स्क्रीन त्याला उघडायला लाव आणि फिकट करड्या रंगातली कोणती अक्षरे उन्हात वाचता आली नाहीत, ते त्याच्याकडूनच लिहून घे.

तुझा शुभचिंतक