रंग नंतर पाहा, नंबर आधी

या महिन्यातली जवळपास सगळीच पत्रं जीप-जिप्सीची निघाली. संत्र्याचा बहार बरा गेला की काटोल-नरखेडकडचे असले प्रश्न वाढतात असं माझं निरीक्षण आहे, पटत नसेल तं सोडून द्या. जमतील तेवढे प्रश्न घेतो.

प्रश्न: भाऊ, काटोलजवळच्या एका वाडीत गोठ्यामागं विलीज जीप उभी आहे. मालक म्हणते १९४४ ची मिल्ट्रीची आहे, महायुद्धातली, साडेतीन लाख मागून राहिला. कागद नाहीत, पण "बनवून भेटतात" म्हणते. घेऊन टाकू का?
– एक वाचक, मानेवाडा

थांबा भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. आधी गाडीसमोर उभं राहून जाळीच्या फटी मोजा. महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या (एकच लष्करी जीप, दोन कंपन्यांनी बनवलेली) दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या सिव्हिलियन सीजेला सात. मग बाजूनं बोनेट पाहा, उंच डोक्यासारखं वर आलेलं असेल तर ती सीजे-३बी. तिच्यातल्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिनच उंच झालं आणि बोनेटही उचलावं लागलं. हे मॉडेल अमेरिकेतच १९५३ ला आलं, मग ते १९४४ च्या लढाईत कसं गेलं असेल ते मालकालाच विचारा. महिंद्रानं आपल्याकडं १९४७ ला विलीजची जोडणी सुरू केली आणि पुढं ही उंच बोनेटवाली कितीतरी वर्षं बनवली, विदर्भात "महायुद्धातली" म्हणून मला दाखवलेल्या बहुतेक गाड्या ह्याच निघाल्या. गाडी वाईट नाही हो, उलट मला स्वतःला तीच आवडते, फक्त भाव तिचा द्यायचा, इतिहासाचा नाही.

आता काही हुशार लोक सातच्या जागी नऊ फटींची जाळी बसवून ठेवतात, म्हणून वाकून पुढच्या बंपरमागची चासीची आडवी पट्टी पाहा. एमबीला तिथं गोल पाइप असतो, फोर्डला उलट्या यू आकाराचा चॅनल. फोर्डवाले तर आपल्या बोल्टांवरही इंग्रजी एफ अक्षर कोरायचे, ते सापडलं तर मात्र मला लगेच कळवा, मी स्वतः बघायला येतो.

आणि ते "कागद बनवून भेटतात" म्हणजे काय ते सांगून देतो. भंगारात गेलेल्या दुसऱ्या जीपचं आरसी बुक घ्यायचं आणि तिचा नंबर या चासीवर ठोकायचा, नाहीतर कापून आणून वेल्डिंगनं बसवायचा. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः असा फसलो. शिवनीकडून आणलेली गाडी, रंग इतका सुंदर की मी चासी नंबरावरून बोटसुद्धा फिरवलं नाही, आणि आरटीओत पेन्सिलनं नंबरची छाप घेतली तर नंबरच्या चारी बाजूंनी वेल्डिंगची रेघ! गाडी सहा महिने उभी, मी चकरा मारून राहिलो, शेवटी सुट्या भागांच्या भावात गेली. तेव्हापासून मी पहिले चासी नंबरजवळचा रंग घासून पाहतो, विकणारा चिडला तर मी घरी जातो.

गाडी खरंच मिल्ट्रीच्या लिलावातली असेल तर लष्कराचं फॉर्म २१ मधलं विक्रीचं सर्टिफिकेट असतं, त्यावरच आरटीओ पहिली नोंदणी करते. कामठीला छावणी आहे, आजोबा फौजेत होते, या गोष्टी कागदाच्या जागी चालत नाहीत. आणि आरसी फक्त हरवली असेल, नंबर माहीत असेल, नावावरचा माणूस किंवा त्याचे वारस सापडत असतील तर मार्ग आहे: पोलिसांत तक्रार, मग फॉर्म २६ भरून डुप्लिकेट. खूप जुनी नोंद ऑनलाइन दिसत नाही, तिची आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवणं, करून घ्यावी लागते, वेळ लागतो पण होते. नंबरच नसेल तर ती गाडी नव्हे, पत्रा आणि गिअर आहेत, त्या भावात घ्यायची तर घ्या.

प्रश्न: काका, बाबांची महिंद्रा एमएम ५४० आठ वर्षांपासून अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी आहे. बाबा गेले. आई विकू देत नाही, भाऊ म्हणतो भंगारात द्या. मला ती चालू करायची आहे. बॅटरी लावून सेल मारून पाहू का? आणि नावावर कशी करायची?
– एक वाचक, धरमपेठ

ताई, सेल अजिबात मारू नका. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवायला पाहिजे. आठ वर्षं उभ्या डिझेल इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून गेलेलं असते, रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात, आणि जोर लावून फिरवलं की जे दहा हजारात होणार होतं ते लाखावर जाते. मिस्त्रीला सांगा आधी इंजेक्टर काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, दोन दिवस राहू दे, मग पान्यानं क्रँक हातानं फिरव. पूर्ण दोन चक्कर मोकळे फिरले तर अर्धी लढाई जिंकली. त्यानंतर टाकीतलं जुनं डिझेल ओतून टाकणं, टाकी धुणं, दोन्ही फिल्टर नवे, ऑइल नवं, लाइनमधली एअर काढणं. या गाडीत पूजो डिझाइनचं २११२ सीसीचं डिझेल असते, त्याला हीटर प्लग लागतात, डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडं पारा दहाच्या खाली गेला की हीटरशिवाय ते उठणार नाही आणि लोक उगाच पंपाला दोष देऊन पंप खोलून बसतात.

इंजिन लागलं म्हणून लगेच गेटबाहेर काढू नका, ब्रेक आधी. व्हील सिलिंडरचे रबर सुकून फाटलेले असतील, क्लच प्लेट चिकटलेली असेल, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असेल हे धरूनच चाला. खालची सीट उचला, रबराची मॅट काढा आणि फ्लोअरला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. नागपूरच्या कोरड्या हवेत पत्रा मुंबई-कोकणापेक्षा कितीतरी बरा टिकतो, पण कडुनिंबाचा पाला चासीच्या कोपऱ्यात साचून ओला राहिला की तिथंच गंज पकडते. पाला आधी काढा.

कागदाचं असं: वारस म्हणून गाडी नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती, म्हणजे भावाची सही लागेल, त्याला आत्तापासूनच गोड बोला. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर होते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,०००, वरून पर्यावरण कर आणि विमा वेगळा. भंगारवाला वजनावर जो भाव देईल तो ऐकून मग भावाशी बोला, मला वाटते भाऊसुद्धा बदलेल.

प्रश्न: दिल्लीहून जिप्सी स्वस्तात भेटून राहिली, पेट्रोल, १६ वर्षं जुनी, मोठे टायर, लिफ्ट किट, बंपर सगळं लागलेलं. इथं तेवढ्या पैशात साधीपण भेटत नाही. काही घोळ आहे का यात?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

घोळ नाही, पण स्वस्त काहून आहे ते समजा. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा लागली तेव्हापासून तिकडच्या बऱ्या गाड्या बाहेर निघून राहिल्या. तुमच्यावालीची पंधरा वर्षं भरून गेली आहेत, म्हणून नोंदणी अजून जिवंत आहे की रद्द झाली ते आधी ऑनलाइन तपासा आणि फॉर्म २८ चं एनओसी नागपूरच्या नावानं हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. इकडं आल्यावर फॉर्म २७ वर नवा नंबर, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हे सगळं मिळवून मग "स्वस्त" म्हणा, बरेचदा फरक ट्रकच्या भाड्यातच जाते.

लिफ्ट किट आणि टायरचं ऐकायला आवडणार नाही तुम्हाला. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सांगून ठेवलं आहे, आणि फेरनोंदणीला इन्स्पेक्टर गाडी डोळ्यानं पाहते. मी तं अशी घेतली तर आधी मूळ पाटे (स्प्रिंगचे) आणि मूळ मापाचे टायर शोधेन. तसंही उंच केलेली जिप्सी वर्धा रोडवर ऐंशीच्या पुढं नेली की बाजूला बसलेला माणूस देवाचं नाव घेते.

कोणती जिप्सी आहे तेही तुम्ही लिहिलं नाही. १९८५ ला आली ती ९७० सीसी, चार गिअरची, गोड पण चढावर दम लागणारी, १९९६ पासून किंग १२९८ सीसी आणि पाच गिअर. तुम्ही सांगता त्या वयाची गाडी म्हणजे एमपीएफआयवाली, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची असणार, इंजिनाची चिंता कमी. पत्रा मात्र पाहा, पुढच्या काचेच्या फ्रेमचे खालचे कोपरे आणि बॉडी जिथं चासीवर बसते ते माउंट. खिशात चुंबक न्या. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. फोर-बाय-फोर टाकून मातीत चालवून पाहा, डांबरावर नको, पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जिरवणारं डिफरन्शियल मधे नसल्यामुळं वळताना सगळा ताण गिअरवर येते.

आणि पेंच-ताडोबाच्या सफारीतून निघालेली जिप्सी कोणी दाखवली तर किलोमीटर कमी आहेत यावर भाळू नका. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, दिवसातून दोन फेऱ्या, ते किलोमीटर वेगळे असतात.

प्रश्न: माझी पेट्रोल सीजे-३बी मे महिन्यात व्हेरायटी चौकात हमखास बंद पडते. अर्धा तास थांबलं की आपोआप चालू. मिस्त्रीनं कॉइल दोनदा बदलली.
– एक वाचक, महाल

कॉइल निर्दोष आहे, सोडा बिचारीला. हे व्हेपर लॉक. पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या जवळून जाते, बाहेर ४५ डिग्री, सिग्नलवर गाडी उभी, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. जुने ड्रायव्हर इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवायचे, ते अडाणीपणा नव्हता. कायमचा इलाज म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवा, मधे पत्र्याची आड लावा, रेडिएटर एकदा खोलून आतून साफ करून घ्या.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भेटते, ते जुन्या रबराला खाते. गाडीतल्या पंपाचा डायफ्राम आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका, फुगलेली नळी गरम इंजिनावर फुटली तर चौकात बंद पडणं बरं वाटेल. गाडी महिनोनमहिने उभी ठेवायची असेल तर टाकीत ते पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढते.

प्रश्न: एमएम ५५० वर सहा लाख खर्च केले, बिलं आहेत, पण कोणी साडेतीनच्या वर जात नाही. व्हिंटेज नंबर घेतला तर किंमत वाढेल का? एक जण रोख देऊन "ट्रान्सफर मी करून घेतो" म्हणते.
– एक वाचक, हिंगणा रोड

व्हिंटेज तुम्हाला लागूच नाही. २०२१ च्या नियमात पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी लागते. वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी, नंबरमध्ये व्हीए अक्षरं, आणि मग ती रॅली-प्रदर्शनाला किंवा पेट्रोल-दुरुस्तीला सोडून रोजच्या रस्त्यावर नेता येत नाही. तुमची तेवढी म्हातारी नाही.

सहा लाखांचं दुःख मला समजते, पण खर्च केलेला पैसा परत येत नाही, गाडी जेवढी मूळ राहिली तेवढाच येते. तुम्ही फोटो पाठवले त्यात अलॉय व्हील, सनरूफसारखं काहीतरी आणि लाल लेदरच्या सीटा दिसल्या. ती तुमची हौस होती, घेणाऱ्याची नाही. मूळ रिम, मूळ स्टिअरिंग, मूळ मीटर पोत्यात बांधून ठेवले असतील तर गाडीसोबत दाखवा, दोन गिऱ्हाइकं फिरून येतील. चासी उघडी असतानाचे फोटो असतील तर ते बिलांपेक्षा जास्त बोलतात.

त्या रोखवाल्याला ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देऊ नका. विकल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी तुमची, आणि ज्याच्या नावावर नोंद तोच मालक असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या केसमध्ये सांगितलं आहे. त्यानं उद्या समृद्धीवर कोणाला उडवलं तर नोटीस हिंगणा रोडला येईल. सोबत आरटीओत जा, पावती घ्या, मग चाबी द्या.

प्रश्न: जोंगा घ्यायची फार इच्छा आहे. रोज ऑफिसला नेता येईल का?
– एक वाचक, वाडी

जोंगा म्हणजे निसानच्या डिझाइनची, आपल्या शेजारच्या जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून फौजेसाठी बनलेली गाडी, जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन. वाडीहून सिव्हिल लाइन्स नेता येईल. परत आणायला पंपावर थांबावं लागेल.