दमन की रसद तोडणं?

सोलापूरच्या विडी घरकुल भागातल्या महिलांसाठी माहितीपत्रक लिहिणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: ‘आरंभिक ग्रैव क्षतांमधील प्रतिकारदमनकारी विकरे’ हे मराठी बरोबर आहे का, आणि बायकांना कळेल असं ते कसं लिहावं?

ताई, व्याकरणात चूक नाही. पण यातला ‘क्षत’ हा शब्द मला धोक्याचा वाटतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर आपण अक्षता टाकतो. अक्षत म्हणजे न मोडलेला तांदूळ. त्याच्या उलट क्षत: मोडलेलं, जखमी. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला की गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची ठेवण बदलू लागते. तेव्हा तिथे काही फाटलेलं नसतं, दुखतही नाही, आणि सुरुवातीचे बरेचसे बदल आपोआप मागे फिरतात; काही मात्र पुढे कर्करोगापर्यंत जाऊ शकतात. जखम म्हटलं की बाई म्हणणार, ‘मला कुठं ठणकतंय?’ आणि तपासणी राहून जाणार. म्हणून सरळ ‘सुरुवातीचे बदल’ लिहा.

ग्रीवा म्हणजे मान. आपल्या बायका ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात, तेच ठेवा. ‘विकर’ शाळेच्या पुस्तकात ठीक आहे, पण वाचून दाखवताना तो ‘विकार’ ऐकू येतो. एका कान्याने अर्थाचा अनर्थ! एन्झाइमच बरं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन.

आता ‘दमन’. शत्रुदमन, इंद्रियदमन या शब्दांत समोरच्याला जोराने नमवणं आहे. इथे तसं घडत नाही. आयडीओ नावाचं एन्झाइम घ्या. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्याला अन्नातून मिळतं आणि विषाणूशी लढणाऱ्या टी पेशींना वाढायला ते लागतंच. आयडीओ नेमकं तेच आसपासचं संपवतं. शिवाय ते मोडून जे पदार्थ उरतात, तेही टी पेशींना मंदावतात. आर्जिनेज हे दुसरं एन्झाइम आर्जिनिन या आणखी एका अमिनो आम्लाच्या बाबतीत असंच वागतं. याला मराठीत नेमका शब्द आहे: रसद तोडणं. किल्ल्याला वेढा घालून दाणागोटा बंद करायचा, तोच हा प्रकार.

आयडीओ मुळात वैरी नाही, हेही जमलं तर पत्रकात येऊ द्या. गरोदरपणी ते वारेतही असतं. १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगात ते बंद पाडलं, तेव्हा बापाकडून वेगळा वारसा आलेले गर्भ आईच्या शरीराने नाकारले. बाळाला सांभाळणारी हीच सोय विषाणूने बदललेल्या पेशींच्या कामी येते.

आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या जिल्ह्यातलं पत्रक तरी पुस्तकी मराठीत अडकू नये, असं मला मनापासून वाटतं. मी असं लिहीन:

‘एचपीव्हीमुळे पिशवीच्या तोंडावर जे सुरुवातीचे बदल होतात, तिथे काही एन्झाइम आपल्या लढणाऱ्या पेशींची रसद तोडतात. हे बदल दुखत नाहीत. ते तपासणीतच दिसतात.’