किटं एकत्र मागवली, उरलेले पैसे कोणाचे?

प्रश्न : मी पुण्यात राहतो. छंद म्हणून ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या आम्ही ३६ जणांनी मिळून स्टिरिओ ॲम्प्लिफायरची ४० किटं मागवायची ठरवली. खरेदीचं काम मी अंगावर घेतलं. 'सगळा खर्च समान वाटून, अंदाजे ३,५०० रुपये, त्यात माझ्या धावपळीचे १०० धरलेत' असा निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि यूपीआयने माझ्या बचत खात्यात १,४०,००० रुपये जमा झाले. ३० किटं पोचती झाली. बाकी १० किटांसाठीच्या २० सर्किट बोर्डांचं पार्सल चीनहून येताना मुंबईत कस्टम्सने अडवलं. पाठवणाऱ्याने वर 'भेटवस्तू' लिहून किंमत निम्मी दाखवली होती. चिप एलएम३८८६टीएफ ठरली होती, पण विक्रेत्याने दिलेल्या १०० चिपांत ३० साध्या 'टी' (एलएम३८८६टी) निघाल्या. त्यातल्या दहा मी पाच किटांत घातल्या आणि ग्रुपवर 'काहींना टी येईल, चालेल ना?' असं विचारलं. कोणी काही बोललं नाही. नंतर त्यातल्या दोघांचे ॲम्प्लिफायर जळाले. एक जण स्पीकरसकट १८,००० रुपये मागतो आहे. रखडलेल्यांपैकी चौघांना पूर्ण पैसे परत हवेत. त्यातल्या एकाने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि बँकेने माझं पगाराचं खातं गोठवलं. पोलीस ठाण्यातूनही फोन आला. माझ्याकडे काही पैसे उरलेत, पण मी कोणालाही फसवलेलं नाही. काय करू?

उत्तर : 'माझ्याकडे काही पैसे उरलेत' हे वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मी त्याच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमची बाजू सावरणं किंवा बिघडणं त्या पैशांवर अवलंबून आहे.

सोबत पाठवलेल्या पावत्यांवरून हिशोब असा बसतो. १०० चिपा ५२० रुपये दराने, म्हणजे ५२,०००. बोर्डांचे, कुरिअर आणि ड्यूटी धरून, १८,६००. रेझिस्टर, कपॅसिटर, कनेक्टर वगैरे किटमागे १,०५० प्रमाणे ४२,०००. ३० किटांचं पॅकिंग आणि कुरिअर ५,४००. एकूण १,१८,०००. हातात राहिले २२,०००. त्यातून तुमचे जाहीर केलेले ४,००० आणि उरलेली दहा किटं पाठवायचा खर्च १,८०० वजा केला की १६,२०० शिल्लक दिसतात, म्हणजे दर किटमागे ४०५ रुपये. शिवाय १०० चिपांवर दर कमी पडला म्हणून घेतलेल्या जास्तीच्या २० चिपा.

ते १६,२०० रुपये तुमचे नाहीत, त्या २० चिपाही तुमच्या नाहीत. 'खर्च समान वाटून' हे शब्द लिहिलेत तेव्हा तुम्ही विक्रेते झाला नाहीत, त्या सगळ्यांचे एजंट झालात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८२ प्रमाणे दुसऱ्यासाठी व्यवहार करायला नेमलेला माणूस म्हणजे एजंट. त्यासाठी मोबदला ठरलेला असायलाच हवा असं नाही, हे कलम १८५ सांगतं. कलम २१३ नुसार मागताक्षणी हिशोब द्यावा लागतो. कलम २१८ नुसार मालकांसाठी, म्हणजे इथे ग्रुपमधल्या सगळ्यांसाठी, आलेली रक्कम, तुमचं देणं वजा करून, त्यांना द्यावी लागते. सवलतीने वाचलेले पैसेही त्यात आले. '३,५०० ला किट, घ्यायचं तर घ्या' असं लिहिलं असतं तर नफा तुमचा झाला असता. पण मग मालाच्या दर्जाची आणि उशिराचीही जबाबदारी विक्रेता म्हणून पूर्ण तुमच्यावर आली असती, आणि ग्राहक आयोगाची वाट तुमच्या दारात आली असती. एजंट असणं तुमच्या फायद्याचंच आहे. फक्त ते निभवायला पैशाला हात लावता येणार नाही.

म्हणून आजच एका कागदावर हा हिशोब मांडा. प्रत्येक रकमेपुढे पावतीचा फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडा आणि ग्रुपवर टाका. खाली एक ओळ : 'शिल्लक १६,२०० व २० चिपा सर्वांच्या मालकीच्या असून कस्टम्सचा निकाल लागेपर्यंत माझ्याकडे वेगळ्या ठेवल्या आहेत.' ही ओळ तुमचा सगळ्यांत मोठा बचाव आहे. विश्वासघाताचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ३१६) बनतो तो सोपवलेली रक्कम अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरली की. साध्या विश्वासघाताला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि एजंटाच्या व्यवसायात सोपवलेल्या मालमत्तेबाबत ३१६(५) मध्ये जन्मठेपेपर्यंत. उघड मांडलेल्या शिल्लक रकमेवर हा आरोप टिकत नाही. लपवलेल्या रकमेवर मात्र तो सहज चिकटतो. शक्य असेल तर ही रक्कम आजपासून वेगळ्या खात्यात ठेवा, पगाराच्या पैशात मिसळू देऊ नका.

फसवणुकीचं (कलम ३१८) वेगळं. त्यात सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. ४० पैकी ३० किटं पोचवणाऱ्या माणसाविरुद्ध तसं म्हणणं अवघड आहे. एकाच व्यवहारात फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकदम लागू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पोलीस ठाण्यात जाल तेव्हा लेखी जबाब, हिशोब, कुरिअरच्या पोचपावत्या आणि कस्टम्सचं पत्र सोबत न्या. पोच घ्या. चौकशीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा, ती टाळू नका. आणि 'सात दिवसांत सर्वांचे पैसे परत करतो' असं काहीही दबावाखाली लिहून देऊ नका. ते लिहिलंत की किट मिळालेले बाकीचेही तोच कागद दाखवून पैसे मागायला मोकळे.

आता चिपांचं प्रकरण. इथे मात्र चूक तुमच्याकडे झुकते. करार कायद्याचं कलम २११ म्हणतं, मालकाच्या सूचनेबाहेर जाऊन एजंटाने काही केलं आणि नुकसान झालं तर ते त्याने भरून द्यायचं. ग्रुपवरचं मौन ही संमती नव्हे. त्या पाच जणांना वेगळं विचारायला हवं होतं, कारण टी आणि टीएफ यांतला फरक नुसता नावाचा नाही. 'टी'च्या पाठीचा धातूचा पत्रा आतून उणे (निगेटिव्ह) पुरवठ्याला, म्हणजे ४ नंबरच्या पायाला, जोडलेला असतो. 'टीएफ'ची पाठ प्लॅस्टिकने झाकलेली असते. टीएफ थेट हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, आवळता येते. टी आवळताना खाली अभ्रक किंवा सिलिकॉनचं पॅड आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश (वीज अडवणारी छोटी नळी) लागतो. ते नसेल आणि हीटसिंक अर्थिंगच्या पेटीला जोडलेला असेल, तर उणे ३५ व्होल्ट सरळ जमिनीला शॉर्ट होतात. फ्यूज असेल तर उडतो, नसेल तर ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जातो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो.

म्हणून उरलेल्या तिघांना आजच्या आज फोन करा. कागदपत्रं नंतर. ॲम्प्लिफायर चालू करू नका, प्लग काढून ठेवा. बसवून झालं असेल तर पुरवठा बंद असताना, कपॅसिटर पूर्ण रिकामे झाल्यावर, मल्टिमीटरने ४ नंबरचा पाय आणि हीटसिंक यांत कंटिन्युइटी (वीज जाण्याजोगी सलग जोडणी) बघा. बीप वाजला तर जोडणी चुकली आहे. पॅड आणि बुश तुमच्या खर्चाने पाठवा, किंवा त्या बदलून टीएफ चिपा द्या. पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये घ्यायला सांगा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बोर्ड वाचतो. हे सगळं लेखी संदेशातही टाका. पुढच्या नुकसानीची जबाबदारी ठरवताना हा संदेश मोलाचा ठरेल.

जळालेल्या दोघांना बोर्ड, चिपा, फ्यूज आणि रेक्टिफायर बदलून द्या, हे माझं स्पष्ट मत आहे. खर्च तुमच्या खिशातून, त्या १६,२०० मधून नाही. स्पीकरचे पैसे मात्र लगेच कबूल करू नका. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती चुकीतून सरळ झालेल्या नुकसानीची, दूरच्या नव्हे. स्पीकर त्याच शॉर्टमुळे गेला का, हे मागणाऱ्याने दाखवायचं आहे. त्याच्याकडून जळालेला बोर्ड परत मागवा आणि लेखी विचारा : चिपेखाली पॅड होतं का, फ्यूज किती ॲम्पिअरचा होता, ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा, स्पीकर ४ ओहमचा की ८ ओहमचा. किटच्या कागदावर ४ ओहमसाठी १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर सांगितला असेल आणि त्याने २४-०-२४ लावला असेल, तर त्या बिघाडात त्याचाही वाटा निघतो. तुम्हा दोघांना मान्य अशा तिसऱ्या जाणकाराकडून तपासणी करून घ्या आणि तोपर्यंत बोर्डावरचं काही उपसू नका.

विक्रेत्याला सोडू नका. वर्णन करून मागवलेला माल त्या वर्णनाप्रमाणेच हवा, हे वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं. पण बिलावर नुसतं 'एलएम३८८६' असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. ऑर्डरचा संदेश शोधा, त्यात 'टीएफ' असेल तर तोच आधार. शिल्लक २० टी चिपा परत घेऊन पैसे द्या, अशी नोटीस स्पीड पोस्टने लगेच पाठवा. माल नाकारायला वाजवी मुदत उलटली की तो स्वीकारला असं धरलं जातं. परत मिळेल ती रक्कम पुन्हा सर्वांच्या हिशोबात.

कस्टम्सच्या पार्सलमध्ये खरं बोलण्याला पर्याय नाही. डिसेंबर २०१९ पासून पूर्ण ड्यूटी न भरता भेटवस्तू म्हणून आयात करायला, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून, बंदी आहे. किंमत चुकीची दाखवली तर कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम १११(एम) खाली माल जप्त होऊ शकतो आणि ११२ खाली दंड. 'भेटवस्तू' लिहायला तुम्ही सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर दंड एकट्याने सोसावा लागेल, कारण सभासदांनी एजंटाला भरपाई द्यायची ती कायदेशीर कृत्यांबद्दल (करार कायदा, कलम २२२). सांगितलं नसेल तर खरं बिल, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि विक्रेत्याशी झालेला संवाद जोडून लेखी खुलासा द्या. ३६ जणांसाठी मागवलेला माल 'वैयक्तिक वापर' म्हणून खपवायला जाऊ नका. आयात-निर्यात कोड नसल्याचा मुद्दा निघेलच. हा कोड डीजीएफटीकडे (परकीय व्यापार महासंचालनालय) ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि यापुढे तो घेतल्याशिवाय असं काही मागवू नका. मालावरचा हक्क सोडून ड्यूटीतून सुटण्याची सोय कस्टम्स कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, पण गुन्हा घडल्याचं दिसत असेल तिथे ती मिळत नाही. माझा व्यवहारी सल्ला असा की अधिकाऱ्यांना उत्तर देणं चालू ठेवा, पण त्या २० बोर्डांची वाट बघू नका. बोर्डाच्या डिझाइनच्या त्याच फाइलवरून ते भारतातल्या सर्किट बोर्ड कारखान्यात करून घ्या, आणि १६,२०० मधून त्याचा खर्च करायला ग्रुपची लेखी संमती घ्या.

पैसे परत मागणारे चौघे : ऑर्डर दिल्यानंतर कोणी माघार घेतली तरी आधीच झालेल्या खर्चापुरती ती चालत नाही (करार कायदा, कलम २०४). म्हणजे ३,५०० पूर्ण परत देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तरीही त्यांची किटं घ्यायला दुसरे चार जण शोधा आणि आलेले पैसे जसेच्या तसे परत करा. भांडण तिथेच मिटतं. लेखी 'माझी तक्रार राहिलेली नाही' घ्यायला विसरू नका. कोणी अडून बसलं तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा. लोकअदालतीतल्या तडजोडीला हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही.

बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या : तक्रारीचा क्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याचा आदेश आणि किती रकमेपुरता, हे बँकेने कळवावं. वाद ३,५०० चा असताना पूर्ण पगाराचं खातं बंद ठेवण्याचं कारण नाही. तपास अधिकाऱ्याकडे हिशोबासह अर्ज करून तेवढीच रक्कम गोठवून ठेवण्याची विनंती करा. दाद लागली नाही तर सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

जीएसटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण काही किटं गोव्याला आणि बेळगावला गेल्याचं पावत्यांवर दिसतं. एकदाची खर्च वाटून केलेली खरेदी हा व्यवसाय नाही असं म्हणता येतं. पण नफा ठेवून पुन्हा पुन्हा असं केलंत तर परराज्यात माल पाठवणाऱ्याला ४० लाखांची सूट मिळत नाही, पहिल्या किटापासून नोंदणी लागते.

ग्रुपमधले 'आपोआप पुसले जाणारे संदेश' आत्ताच बंद करा आणि पूर्ण संवाद एक्सपोर्ट करून ठेवा. फोनही बदलू नका. न्यायालयात हे संदेश द्यायचे झाले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फोनवरून करणं सोपं पडतं. पण 'टी' चिपा गेलेल्या त्या तिघांना फोन आधी करा.