वाचक विचारतात : अ‍ॅना केर्नचा संसार कवितेमुळे मोडला का?

प्रश्न : रशियन कवी पुश्किनची ‘मला आठवतो तो अद्भुत क्षण’ ही कविता ज्या अ‍ॅना केर्नवर आहे, ती विवाहित होती असं वाचलं. कवीच्या नादाने तिने घर सोडलं का? पुढे तिचं काय झालं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तिचा संसार आधीच मोडला होता. मी अनेक वर्षं रशियन शिकवलं. ही कविता आली की वर्गात हाच प्रश्न यायचा, आणि दोष नेहमी बाईच्याच पदरात पडायचा.

१८१७ साली वडिलांनी तिचं लग्न जनरल केर्नशी लावून दिलं. ती सोळा वर्षांची, तो बावन्नचा. या माणसावर प्रेम करणं शक्य नाही, असं तिने १८२०च्या रोजनिशीत स्पष्ट लिहून ठेवलंय. १८२५च्या उन्हाळ्यात ती त्रिगोर्स्कोये गावी मामीकडे आली, त्याआधीपासून ती नवऱ्यापासून दूर, माहेरी राहत होती. शेजारच्या मिखाइलोव्स्कोयेत पुश्किन हद्दपारीचे दिवस काढत होता. सहा वर्षांपूर्वी पीटर्सबर्गला त्यांची एकदा भेट झाली होती.

ती निघाली त्या दिवशी त्याने आपल्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्यकादंबरीच्या एका प्रकरणाची प्रत दिली, न कापलेल्या पानांत या कवितेचा घडी केलेला कागद होता. ती तो पेटीत ठेवू लागली तशी त्याने तो हिसकावून घेतला. तिने विनवण्या करून परत मिळवला. हे तिने स्वतः आठवणींत लिहिलंय. १८२७ साली कविता छापली गेली. मूळ कागद मात्र पुढे संगीतकार ग्लिंकाकडून हरवला. मित्रांना लिहिताना याच पुश्किनने तिच्याबद्दल फार हलकं लिहिलं. त्याचा मला आजही राग येतो.

तिच्या आयुष्यातलं मोठं प्रेम तर पुढेच आहे. जनरल १८४१ साली वारला. विधवा म्हणून पेन्शन आणि मान दोन्ही मिळाले असते. ते सोडून तिने १८४२ साली वीस वर्षांनी लहान असलेल्या मार्कोव-विनोग्राद्स्कीशी लग्न केलं. गरिबी इतकी, की पुश्किनची पत्रं विकावी लागली. तरी दोघं जवळजवळ चाळीस वर्षं एकत्र राहिली. १८७९च्या जानेवारीत तो गेला, मे महिन्यात ती.

कविता वाचलीत, आता तिच्या आठवणीही मिळवून वाचा. लिहिण्याचा हात चांगला होता तिचा.