रिपोर्टात किती वेळा 'डिव्हास्टेटेड' लिहायचं?

पुराचं पाणी शिरलेल्या गोडाऊनच्या इन्शुरन्स क्लेमचा तुझा सर्व्हे रिपोर्टचा ड्राफ्ट वाचला गं. इंग्रजी चांगलंय, मराठी मीडियमची म्हणून उगाच टेन्शन घेत होतीस. पण पहिल्याच पानावर गोडाऊन डिव्हास्टेटेड, शटर डिस्ट्रॉइड, स्टॉक रुइन्ड आणि खाली मालकही रुइन्ड, हे एवढं सगळं एकदम वाचलं की क्लेम डिपार्टमेंटचा माणूस फाइल बाजूला ठेवतो आणि चहाला जातो. त्याला आपल्याकडून हळहळ नकोय, आकडा हवाय आणि तो आकडा कुठून काढला ते हवंय.

नेटवरच्या सिनॉनिमच्या याद्या बंद कर आधी. त्या याद्यांमुळे वाटतं की हे सगळे शब्द एकच आहेत, फक्त कमी-जास्त तिखट. तसं नसतं. आपल्या धंद्यात डॅमेज होतं वस्तूचं आणि लॉस होतो माणसाचा. पाण्यात मोटर गेली हे डॅमेज, ती रिवाइंड करायला जे पैसे लागतील तो लॉस, आणि दुकान बंद राहिलं म्हणून धंदा बुडाला तो आणखी वेगळा लॉस, जो साध्या फायर पॉलिसीत मिळतच नाही, त्याला वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तू तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेस. आणि 'डॅमेजेस टू स्टॉक' लिहिलंयस तिथला शेवटचा एस काढ, डॅमेजेस म्हणजे कोर्ट द्यायला लावतं ती भरपाई, १८७२ च्या काँट्रॅक्ट अ‍ॅक्टमध्ये कलम ७३ खाली जी मागतात ती. कपड्याला डॅमेजच होतं, कितीही गठ्ठे भिजले तरी.

आता खरी गडबड. पान २ वर सगळा स्टॉक डिस्ट्रॉइड आणि पान ५ वर त्याच स्टॉकचं सॅल्व्हेज, म्हणजे खराब माल विकून येणारी किंमत, धरलंयस. अगं डिस्ट्रॉइड असेल तर भंगारवाला पैसे कशाचे देईल? खालच्या रॅकमधल्या साड्यांत चिखल गेलाय, रंग एकात एक उतरलेत, त्या गेल्या, तिथे डिस्ट्रॉइड खुशाल लिही. मधल्या रॅकला नुसती कड ओली आहे, ते डॅमेज्ड, धुऊन कमी भावात जाईल. वरचा माल कोरडा आहे, त्याला अनअफेक्टेड म्हणायचं आणि मोजून वजा करायचा. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला पाणी दिवसेंदिवस बसून होतं, तेव्हासुद्धा भिंतीवरची चिखलाची रेघ बघूनच ठरवावं लागत होतं की कुठला माल खरंच पाण्याखाली होता. विशेषणापेक्षा त्या रेघेची उंची जास्त कामाची, फुटात नको, सेंटिमीटरमध्ये लिही.

मोठे शब्द नडतात तसे मऊ शब्दही नडतात, हे कोणी सांगत नाही. तू एका ठिकाणी 'डिटीरिओरेटेड' लिहिलंयस, ऐकायला सभ्य वाटतं, पण त्याचा अर्थ हळूहळू खराब होत गेलं असा निघतो, आणि हळूहळू झालेली झीज, गंज, वेअर अँड टिअर हे पॉलिसीत वगळलेलं असतं. म्हणजे बिचाऱ्याचा बरोबर असलेला क्लेम तुझ्या एका शब्दाने अडकणार. फ्लड (पूर) आणि इनंडेशन (पाणी भरणं) हे पॉलिसीत छापलेले शब्द आहेत, तेच वापर. गळक्या पत्र्यातून झिरपलेलं पाणी मात्र त्यात बसतं का यावर नेहमी भांडणं होतात, तिथे पाणी कुठून आलं ते साध्या शब्दांत लिहून मोकळी हो.

पुढे गाड्यांचं काम येईल. तिथे 'टोटल लॉस' म्हणजे गाडीचा चेंदामेंदाच झाला असं नाही, रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ती कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, भले ती ढकलत ढकलत चालत असेना. एफआयआर जोडलेला असला तर तो नीट वाच, कारण पोलिसांचे शब्द निराळेच. त्यांच्याकडे 'मिस्चिफ' म्हणजे पोरांची मस्ती नाही, मालमत्तेची मुद्दाम केलेली नासधूस, भारतीय न्याय संहितेत कलम ३२४. 'हर्ट' मनाला लागत नाही, शरीराला लागतं, आणि हाड मोडलं किंवा दात जरी तुटला तरी ते ग्रीव्हस हर्ट. हो, आणि माणसं इंजर्ड होतात, डॅमेज्ड नाही, ते ड्रायव्हरवालं वाक्य बदल. कॅज्युअल्टीमध्ये जखमीही धरतात, त्यामुळे चार कॅज्युअल्टी वाचून चार मेले असं लिहून बसू नकोस.

मालक रडत होता असं फोनवर म्हणालीस. त्याच्यासाठी तो उद्ध्वस्तच झालाय, त्यात खोटं काही नाही. त्याच्यापाशी बस, चहा घे, ऐकून घे. त्याला रिपोर्टात तेच म्हणायचं असेल तर 'द इन्शुअर्ड स्टेटेड' (विमाधारकाने सांगितलं) करून त्याच्या तोंडी घाल, तुझ्या तोंडी नको. सर्व्हेअर रडला की कंपनी दुसरा सर्व्हेअर पाठवते, आणि पैसे यायला त्याला अजून थांबावं लागतं.

बाकी किरकोळ मी लाल करून पाठवलंय. तिसऱ्या रॅकचा फोटोच नाहीये. तो माल हलवायच्या आत जाऊन काढून आण आणि फोटोत मोजायची टेप दिसू दे.