स्वस्त इंधनावर चालणारी वेगळी इंजिनं जुन्या काळी आली होती म्हणतात, मग ती टिकली का नाहीत?

आली होती की, बरीच आली. त्यातलं माझं आवडतं म्हणजे हेसेलमन इंजिन. योनास हेसेलमन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने 1925 मध्ये काढलं. तेव्हा पेट्रोल महाग, डिझेल इंजिन जड आणि तेही महाग. मग ह्या माणसाने दोघांची खिचडी केली. सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा ओढायची, ती दाबत आणली की अगदी शेवटी पंपाने तेल फवारायचं आणि पेटवायला मात्र पेट्रोल इंजिनासारखा स्पार्क प्लग, त्यामुळे डिझेल इंजिनाइतका (तिथे दाबाच्या उष्णतेनेच तेल पेटतं) दाब लागत नाही, इंजिन हलकं राहतं आणि रॉकेल, डिझेल असलं स्वस्तातलं काहीही चालतं. साध्या पेट्रोल इंजिनात रॉकेल टाकलं तर ते ठोकायला लागतं (म्हणजे आतलं मिश्रण भलत्या वेळी पेटून ठकठक करतं), इथे तेल उशिरा आत येत असल्याने ती भानगडच नाही.

व्होल्वो, स्कानिया-वाबिस ह्या स्वीडिश कंपन्यांनी ट्रक-बसमध्ये ही इंजिनं बसवली, अमेरिकेत वॉकेशा कंपनीनेही बनवली.

पण गोची कुठे झाली तर तापण्यात. दाब कमी म्हणजे आतली उष्णताही कमी, त्यामुळे सुरू करायचं पेट्रोलवर, तापलं की तेलावर न्यायचं, आणि शहरात थांबत थांबत गेलं की ते पुन्हा गार व्हायचं, तेल अर्धवट जळायचं, प्लगवर काजळी आणि मागे धुराचा लोट. पुढे डिझेल इंजिनच सुधारलं आणि 1940 च्या दशकात ट्रक-बसमधला हेसेलमनचा कारभार आटोपला.

हा प्रकार मला लगेच कळला कारण आमच्या शेतावर पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा पंप होता (ते इंजिन हेसेलमन नव्हे हां, साधं कार्बोरेटरवालं, म्हणजे हवा-तेल आधीच मिसळून आत घेणारं, पण दाब कमी म्हणून रॉकेल चालायचं). लहानपणी मी घाई करून कॉक रॉकेलकडे फिरवायचो आणि ते फटफट करत धूर ओकून बंद पडायचं, मग प्लग काढून पुसत बसा, वर आजोबांच्या शिव्या.

जर्मनीतला लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर, 1921 चा, त्याने उलटी युक्ती केली. प्लगच नाही! सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा बत्तीने लालभडक तापवायचा, मग तेल त्याच्यावर आपोआप पेटतं. अगदी कचरा तेलसुद्धा पचवायचा म्हणे, पण रोज सकाळी बत्ती घेऊन बसायचं कारवाल्याला कोण सांगणार, शेतकऱ्याला चालून गेलं.

आमचा पंप अजून गोठ्यात आहे, चालू होईलही, पण आता रॉकेलच मिळत नाही.